‘नॉर्मल’ लिहिण्याआधी

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मधुमेह होण्याआधीच तो ओळखणाऱ्या स्वस्त रक्ततपासण्या आणि त्यांबाबत शासनाचे मौन

महोदय,



मी निवृत्त शिक्षक आहे. हायस्कुलात गणित शिकवत होतो. डॉक्टर नाही, कोणत्या पक्षाचा नाही, कोणत्या संघटनेचा पदाधिकारीही नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून रांगेत बसणारा माणूस आहे आणि त्याच नात्याने आपल्याला काही विचारायचे आहे. उत्तरे आपल्याकडे नाहीत असे मी मानत नाही. या पत्रात जे लिहिले आहे ते आपल्या खात्याला माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. राग त्याचाच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर मधुमेहाची पाहणी केली. तिच्या पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र होता आणि त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यातील प्रौढांपैकी 8.4 टक्के लोकांना मधुमेह आणि 12.8 टक्के लोक त्याच्या उंबरठ्यावर. म्हणजे आजारी असलेल्यांपेक्षा आजारी पडण्याच्या बेतात असलेल्यांची रांग लांब. पुढे 2023 मध्ये सगळ्या देशाचे आकडे आले : मधुमेही 10 कोटी 10 लाख, पूर्वमधुमेही 13 कोटी 60 लाख. शेजारच्या गोव्यात तर शंभरांत 26 प्रौढ मधुमेही. डॉक्टरांच्या भाषेत ज्यांना ‘प्रीडायबेटिस’ आहे आणि आमच्याकडे जे ‘बॉर्डरवर आहेत’ असे म्हणतात, त्या लोकांसाठी 2011 पासून आजवर राज्याने काय केले? मधुमेहींसाठी नव्हे, या दुसऱ्या रांगेसाठी. एक ओळ तरी सांगता येईल का?

आता शिबिरात काय होते ते पाहू. आपण उद्घाटनाला जाता तेव्हा मांडव सजलेला असतो, त्यामुळे नेहमीचे दृश्य आपल्याला दिसत नसेल, पण नियम आपल्याच खात्याकडे आहेत. वयाची तिशी ओलांडलेल्या माणसाचे बोट टोचायचे, ग्लुकोमीटरच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, आकडा वाचायचा. माणूस उपाशी आहे की पोहे खाऊन आला आहे, हे पाहायचे नाही. आकडा 140 च्या वर गेला तर पुढे पाठवायचे. खाली राहिला तर सुटला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ही पद्धत 2017 पासून चालू आहे. पट्टी स्वस्त, वेळ कमी, गर्दी मोठी, हे मला समजते. पण ही जाळी मधुमेह झालेला माणूस पकडण्यासाठी विणलेली आहे. होऊ घातलेला तिच्यातून सहज निसटतो आणि वर हातात ‘नॉर्मल’ लिहिलेले कार्ड घेऊन घरी जातो.

असे का होते, हे कोणत्याही फिजिशियनला विचारा. स्नायू, यकृत आणि चरबी इन्सुलिनला दाद देईनाशी होतात, तेव्हा स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेते. त्या काळात रक्तातली साखर ताळ्यावरच असते. वर्षानुवर्षे असते. बिघडलेले असते ते दुसरेच : यकृतात चरबी साठू लागते, रक्तात ट्रायग्लिसराइड चढते, ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते एचडीएल उतरते. स्वादुपिंड दमले की मग साखर वाढते. म्हणजे जी गोष्ट सगळ्यांत शेवटी बिघडते तीच आपण सगळ्यांत आधी मोजतो, आणि तीही खाऊनपिऊन आलेल्या माणसाची.

माझ्या धाकट्या भावाचे कार्ड माझ्यासमोर आहे. शेती करतो, दूध संकलनाचे काम पाहतो. अंगाने काटकुळा. शिबिरात अकराच्या सुमारास, चहा-पोहे झाल्यावर, त्याची साखर 128 भरली. कार्डावर दोनच चौकोन होते आणि ‘नॉर्मल’वर बरोबरची खूण केली होती. त्याच वर्षी छातीत दुखते म्हणून त्याला एका सरकारी रुग्णालयात नेले होते. ईसीजी ठीक निघाला. उपाशीपोटी रक्त घेतले. त्या रिपोर्टचा कागद मी जपून ठेवला आहे : साखर 104, ट्रायग्लिसराइड 210, एचडीएल 34. साखरेच्या ओळीसमोर छापील मर्यादा होती ‘70 ते 110’, त्यामुळे 104 हा आकडा साध्या टायपात, निरुपद्रवी बसला होता. ट्रायग्लिसराइडचा आकडा ठळक होता. तेलकट कमी करा, एवढे सांगितले गेले. चार वर्षांनी चष्म्याचा नंबर काढायला गेला, तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पडदा तपासून विचारले, “काका, शुगर किती वर्षांपासून आहे?” शुगर आहे हेच आम्हाला त्या दिवशी कळले.

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की एका सिस्टरला नोटीस निघेल आणि विषय मिटला असे मानले जाईल. तिने नेमून दिलेले काम केले. नेमून देणारे आपण आहात.

त्या कागदावर सगळे होते, महोदय. 210 ला 34 ने भागा : सहाच्या वर. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गेराल्ड रीव्हन यांच्या गटाने 2003 मध्ये वजन जास्त असलेल्यांवरच्या अभ्यासातून दाखवले की हे गुणोत्तर तीनच्या पुढे गेले की शरीर इन्सुलिनला जुमानत नसल्याची शक्यता बरीच वाढते. दुसरा हिशेब मेक्सिकोतील दुरांगोच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला, आणि तो मांडण्याचे कारण आपल्याला अगदी ओळखीचे वाटेल. इन्सुलिन मोजणे महाग, सगळीकडे होत नाही, मग गरिबांच्या दवाखान्यात काय करायचे? उपाशीपोटीची साखर गुणिले ट्रायग्लिसराइड, त्याचे निम्मे, आणि त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. माझ्या भावाचा आकडा 9.3 येतो. ठिकठिकाणच्या अभ्यासांत धोक्याची रेषा साधारण साडेआठ ते नऊच्या दरम्यान काढलेली दिसते. मी वर्षानुवर्षे पोरांना लॉगटेबल पाहायला शिकवले आणि “सर, याचा आयुष्यात उपयोग काय?” हा प्रश्न दरवर्षी ऐकला. उत्तर मिळाले, पण फार उशिरा.

2010 मध्ये त्याच मेक्सिकन गटाने हा हिशेब सगळ्यांत काटेकोर मानल्या जाणाऱ्या चाचणीशी ताडून पाहिला. त्या चाचणीत माणसाला आडवे करून शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज एकाच वेळी सोडत तासन्‌तास मोजमाप करतात. ती ना आमच्या तालुक्यात होणार, ना आपल्या. पण गुणाकार, भागाकार कुठल्याही प्रयोगशाळेच्या संगणकावर होतो. रिपोर्ट छापतानाच खाली दोन ओळी आपोआप उमटू शकतात. त्यासाठी रक्ताचा जादा थेंब लागत नाही, रसायन लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच हे कुणाच्या डोक्यात आले नसेल.

आपले सल्लागार म्हणतील, या आकड्यांची सर्वमान्य रेषा ठरलेली नाही. खरे आहे. वंशाप्रमाणे ती बदलते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये ट्रायग्लिसराइड-एचडीएलचे गुणोत्तर फसते, हेही दिसून आले आहे. एवढ्यावरून कुणाला मधुमेही ठरवा असे मी म्हणत नाही. चाळणी म्हणून वापरा, एवढेच म्हणतो. ज्याचा आकडा खटकतो त्याला 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्या. साखर 140 ते 199 निघाली तर तो उंबरठ्यावर आहे, हे मात्र सर्वमान्य आहे. आणि महाराष्ट्रातल्या माणसांसाठी रेषा कुठे असावी हे ठरलेले नसेल, तर ते ठरवायचे कुणी? मेक्सिकोच्या सरकारने? राज्याची वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात आहे, प्रयोगशाळांत रोजचे रिपोर्ट साठत आहेत. त्यांच्याकडे आजवर हे काम मागितले गेले का?

साध्या साखरेच्या बाबतीतही तोच घोळ. उपाशीपोटीची साखर 100 च्या वर गेली की सावध व्हा, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा 110 वर आहे. दोन्हींमागे कारणे आहेत, तो वाद तज्ज्ञांचा. पण महाराष्ट्र शासन यातले कोणते मानते? भावाच्या कागदावर एक मर्यादा छापलेली, खासगी लॅबच्या कागदावर दुसरी. 104 साखर असलेला माणूस एका टेबलावर निरोगी आणि रस्ता ओलांडला की बॉर्डरवर. हे ठरवून एक परिपत्रक काढायला किती खर्च येतो?

खर्चाचा विषय निघालाच आहे तर आपल्या शासनाचा शब्द आठवू. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळे मोफत झाले. चांगला निर्णय होता, आमच्या गावात लोकांनी मनापासून कौतुक केले. त्याआधी, 2019 मध्ये, केंद्राच्या मोफत निदान सेवेने प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी 63 तपासण्यांची यादी दिली. त्यात साखर आहे, चरबीच्या तपासण्या आहेत. म्हणजे कागदावर सगळे आधीच मंजूर आहे. प्रत्यक्षात आमच्या भागात ‘लिपिड’ म्हटले की आजही “ते बाहेरून करून आणा” असे उत्तर येते. कधी नळ्या संपलेल्या, कधी रिएजंट नाही, कधी नमुने नेणारी गाडी येऊन गेलेली. गाडीची वेळ तर मोठी गंमत आहे. एसटीने उपाशीपोटी येणारा माणूस पोहोचेपर्यंत ती निघून गेलेली असते. मोफत म्हणून जाहीर केलेली तपासणी माणसाला मिळत नसेल, तर ती मोफत आहे म्हणजे नेमके काय आहे?

मोहिमांची तर रेलचेल झाली. सप्टेंबर 2022 मध्ये ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’. सप्टेंबर 2023 मध्ये पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’. मे 2023 मध्ये केंद्राने जाहीर केले की 2025 पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना उपचारांखाली आणू. मग 20 फेब्रुवारी ते 31 मार्च 2025 ही विशेष तपासणी मोहीम. प्रत्येक वेळी कळते की अमुक इतक्या लोकांची तपासणी झाली. मला एवढेच हवे आहे : यांतल्या किती जणांना ‘तुम्ही मधुमेहाच्या वाटेवर आहात’ असे सांगण्यात आले? त्यांतल्या किती जणांना वर्षभरात पुन्हा बोलावले? हा आकडा असेल तर जाहीर करा. नसेल तर तो का मोजला नाही, ते सांगा.

आता पुण्याकडे या. आपल्या मंत्रालयापासून दीड-दोनशे किलोमीटरवर, पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला आहे. मराठी बाळे इंग्रज बाळांपेक्षा वजनाने कितीतरी कमी असतात, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून असते, हे त्यांनी जगाला दाखवले. 2004 मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचा फोटोच छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या शरीरात 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के. आमचा काटकुळा भाऊ याच घराण्यातला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेलेले हे ज्ञान महाराष्ट्राच्या मातीत तयार झाले. ते महाराष्ट्राच्या शिबिरात का पोहोचले नाही? आजही वजनकाट्यावरचा आकडा पाहून “तुम्हाला कशाला शुगर होतेय!” असे हसत सांगितले जाते.

त्याच खेड्यांतली मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासणी झाली. जवळपास निम्मी मुले-मुली वजनाने कमी भरली. तरीही मुलग्यांतल्या 37 टक्क्यांची आणि मुलींतल्या 18 टक्क्यांची साखर ठीक नव्हती. बहुतेक सगळे पूर्वमधुमेही. हे वाक्य आपण पुन्हा वाचावे अशी विनंती आहे. अर्धपोटी अंगाची अठरा वर्षांची ग्रामीण पोरे मधुमेहाच्या वाटेवर. आणि आपली तपासणी सुरू होते तिशीला. मधली बारा वर्षे कुणाच्या हवाली?

रक्त न काढताही काही खुणा दिसतात. माझ्या पुतणीची मान दहावीत असल्यापासून काळसर होती, घड्यांत जाड, मखमलीसारखी. भावजय तिला दर रविवारी लिंबू आणि बेसनाने घासायची, “नीट अंघोळ करत नाहीस” म्हणून बोलायची. पोर रडायची. तो मळ नव्हता. मानेवर, काखेत त्वचा अशी काळी पडणे ही पुष्कळदा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते, त्वचारोगतज्ज्ञ ती एका नजरेत ओळखतात. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, दात पाहते, डोळे पाहते. मान पाहायला त्यांना शिकवले तर किती वेळ जाईल? कंबरेला टेप आशाताई लावतातच. बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटीमीटरच्या पुढे गेली की धोक्याचे गुण वाढतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने वय, कंबर, व्यायाम आणि आईवडिलांचा मधुमेह एवढ्या चार गोष्टींवर गुण देणारा तक्ता 2005 मध्येच करून ठेवला. 60 गुण झाले की धोका जास्त. हे सगळे फुकट आहे.

याच पुतणीला गरोदरपणी साखर निघाली. तिथे आपली यंत्रणा चोख चालली हे मी आनंदाने नोंदवतो. आरोग्य केंद्रात तिला 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून दिले, घड्याळ लावून दोन तासांनी रक्त घेतले, 140 ची रेषा ओलांडली म्हणून आहार सांगितला, दर भेटीला तपासले. राष्ट्रीय सूचनांत हे आहे. त्याच सूचनांत हेही आहे की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करायची, कारण या बायांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा खूप जास्त. बाळाच्या डोसांसाठी तिला प्रत्येक वेळी निरोप आला. तिच्या स्वतःच्या रक्तासाठी एकदाही आला नाही. म्हणजे ग्लुकोजची पुडी आहे, सिस्टरला चाचणी येते, यादीत नाव आहे, फोन नंबर आहे. मग अडले कुठे? पोटात बाळ असेपर्यंतच त्या बाईच्या साखरेला किंमत होती का?

एचबीएवनसीबद्दल थोडे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ही तपासणी सोयीची, उपाशी राहावे लागत नाही, 5.7 ते 6.4 म्हणजे बॉर्डर. पण ती सरसकट लागू करून आपण मोकळे होऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांना रक्तक्षय आहे, आणि लोह कमी असले की हा आकडा खोटाच फुगतो. नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेल आहे, तिथे तर त्यावर विसंबताच येत नाही. आधी हिमोग्लोबिन पाहा, मग एवनसीचा अर्थ लावा, एवढी साधी सूचना खाली गेली आहे का?

आपण मोकळी ठेवलेली जागा कुणी भरली, तेही पाहा. तालुक्याच्या गावात आता लॅबचे फलक आहेत : ‘फुल बॉडी पॅकेज, आज अर्ध्या किमतीत’. त्यात उपाशीपोटीचे इन्सुलिन असते, त्यावरून काढलेला होमा नावाचा आकडा असतो. हा हिशेब 1985 मध्ये ऑक्सफर्डमध्ये तयार झाला, संशोधनात त्याचे स्थान आहे. पण इन्सुलिन मोजण्याच्या किट एकमेकींशी जुळत नाहीत, एका लॅबचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडता येत नाही. उसाचे बिल आले की लोक हजार-दोन हजार रुपये मोजून असे कागद घेऊन येतात आणि मला, गणिताच्या मास्तरला, विचारतात, “सर, हे काय आलंय?” ज्याला साखर आणि ट्रायग्लिसराइड पुरले असते त्याने हे पैसे का भरावे?

“कळून तरी उपयोग काय?” असे एका अधिकाऱ्याने मला ऐकवले होते. उपयोग आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने अशा 531 बॉर्डरवरच्या लोकांवर अभ्यास केला, 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या 55 टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या चालण्या-खाण्याकडे सतत लक्ष दिले त्यांच्यात 39 टक्क्यांना. मेटफॉर्मिनच्या, रुपया-दोन रुपयांच्या, गोळीनेही जवळपास तेवढाच फरक पडला. सगळे वाचत नाहीत, मान्य. सगळ्या बॉर्डरवाल्यांना मधुमेह होतोच असेही नाही. पण जे वाचतील त्यांचे डायलिसिस, त्यांचे कापलेले अंगठे, त्यांचे डोळे यांचा हिशेब आपल्या वित्त विभागाला नक्की कळतो. तिथे आपल्याच योजनेतून पैसे जातात.

आणि हे सगळे ज्या आशाताईच्या खांद्यावर आहे, तिला एका माणसाचा तपासणी फॉर्म भरण्याचे दहा रुपये मिळतात. दहा रुपयांत तिने घरी जायचे, वय-तंबाखू-दारू विचारायचे, कंबर मोजायची आणि सासूसमोर सुनेला बोलते करायचे. बॉर्डरवरच्या माणसाला तीन महिन्यांनी पुन्हा गाठायचे तर त्याचे वेगळे मानधन द्यावे लागेल. ते अंदाजपत्रकात धरा. या सगळ्यात हे एकच काम आहे जे फुकटात होणार नाही.

माझ्या मागण्या मी वर ओघात लिहिल्या आहेत, पुन्हा मांडत नाही. आपल्या कार्यालयाने ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे’ असे उत्तर कृपया पाठवू नये. तसली पत्रे माझ्याकडे आहेत. तीन गोष्टींची उत्तरे आकड्यांसह आणि तारखेसह हवीत : राज्याने उपाशीपोटीच्या साखरेची कोणती रेषा मानली आहे, गरोदरपणी साखर निघालेल्या किती बायांची बाळंतपणानंतर पुन्हा तपासणी झाली, आणि सरकारी प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर वर सांगितलेल्या त्या दोन हिशेबांच्या ओळी कधीपासून छापल्या जातील.

तोवर एक काम आपण उद्याच करू शकता. पुढच्या शिबिराच्या पत्रकावर आपला फोटो असेल, पालकमंत्र्यांचा असेल, स्थानिक आमदारांचा असेल. त्यांतला एखादा थोडा लहान करून तिथे ठळक अक्षरांत छापा : ‘सकाळी उपाशीपोटी यावे.’ आणि आलेल्यांचे रक्त दहाच्या आत घेतले जाईल, त्यानंतर त्यांना तिथेच चहा-नाश्ता मिळेल, याची व्यवस्था करा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक